फुलायच्या आधी

जुलैत पाऊस पडू लागला की सोलापूर-बार्शी रस्त्याच्या कडेला, डांबर संपून मुरूम लागतो तिथे, जमिनीला चिकटलेल्या हिरव्या चकत्या दिसू लागतात. पाला गाजरासारखा कातरलेला, रंग किंचित राखी, हाताला बारीक लव लागते. हे गाजर गवत, आपल्याकडचं काँग्रेस. या वयात त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. कडा पांढरीशुभ्र झाली की सगळेच ओळखतात, पण तोवर वेळ गेलेली असते.

उगवल्यापासून महिन्याभरात ते फुलायला लागतं. एका जोमदार झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बिया धरतात. फुललेलं झाड उपटून बांधावर फेकलं की पुढच्या पिढीची पेरणी आपणच केली म्हणायची.

नान्नजकडच्या एका तुरीच्या रानात बाया खुरपत होत्या. झेंडूची रोपं आणि हे, लहानपणी घोटाळा होतो का, असं विचारलं. एक मावशी हसल्या. झेंडूचं रोप सरळ उभं राहतं, पान चुरडलं की वास सांगतो. हे भुईला पसरतं. मग खुरप्याचं टोक तिरकं घालून त्यांनी मूळ उचकटून दाखवलं. वरच्यावर छाटलं तर बुडातून पुन्हा फुटतं. "फुलात आलं की आम्ही हात लावत नाय, अंग खाजतं," त्या म्हणाल्या. परागकणांनी कुणाला शिंका आणि दमा, तर झाडाला हात लागून कुणाच्या कातडीवर चट्टे.

१९५५च्या सुमारास पुण्यात याची नोंद झाली. पीएल-४८० या अमेरिकी धान्य-मदत योजनेच्या गव्हातून ते आलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली. पण त्या योजनेचा भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६चा. अमेरिकी धान्य १९५१मध्येही आलं होतं, तेव्हा गहू निर्दोष सुटत नाही. निदान पीएल-४८० तरी सुटावी.

शिवाय गव्हाचं बोट धरून ते आलं असेल, तरी गावोगाव आपणच पोचवलं. रस्त्याच्या कामासाठी उचललेला मुरूम, ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल, पाटाचं पाणी, नीट न कुजलेलं शेणखत. बैलगाडीच्या वाटेवर ते आधी दिसतं आणि रानाच्या मध्यात नंतर, ते यामुळे. फुलायच्या आधी उपटलेलं मात्र खुशाल खतात घालावं, चांगलं कुजतं.

वेड्या बाभळीची वाट निराळी. ती १८७७मध्ये अमेरिका खंडातून भारतात आणली गेली. आपल्या बाभळीला पिवळे गोल गोंडे आणि मण्यांच्या माळेसारख्या शेंगा. हिला फिकट पिवळे लांबट तुरे आणि चपट्या शेंगा. शेंगा गोड, त्यामुळे शेळ्या-मेंढ्या आवडीने खातात. बी लेंडीतून न पचता बाहेर पडतं, तेही खतासकट. कळप बसतो तिथे पुढच्या पावसाळ्यात रोपं. ओढे, गायरानं आणि पडीक माळ तिने असेच गिळले.

नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या आसपास हे फार बोचतं. १९७९मध्ये घोषित झालेलं हे अभयारण्य ज्या पक्ष्यासाठी आहे, त्याला लांबवर दिसणारा मोकळा गवताळ माळ लागतो. शहरातून आलेल्या माणसाला मात्र झाडी दिसली की बरं वाटतं. माझ्या मते सोलापूरच्या माळाचं सगळ्यात जास्त नुकसान या बरं वाटण्याने केलं आहे. माळाला ओसाड म्हणून मोकळं व्हायचं आणि जे काही हिरवं येईल त्याला वाढू द्यायचं.

काँग्रेसवर उपाय म्हणून मेक्सिकन भुंगा १९८४च्या सुमारास बंगळुरात सोडला गेला. त्याच्या अळ्या पाला फस्त करतात, पण पावसाळ्यातच; एरवी तो जमिनीत पडून असतो. वेड्या बाभळीसाठी कुऱ्हाड आणि कोळशाची भट्टी आहेच. तोडून नेलेल्या झाडाचा बुंधा तेवढा जमिनीत राहतो, आणि त्यातून आठ-दहा फोक उभे राहतात.