पाण्यातला लुटारू आणि पंपावरचा व्यापारी

त्र्याहत्तर वर्षांच्या एका कृष्णवर्णीय आजींना अमेरिकेच्या पोलिसांनी तुरुंगात टाकले. आजी चर्चमध्ये सेवा करणाऱ्या. आरोप असा, की वादळानंतर त्यांनी दुकानातून सॉसेज वगैरे ६३ डॉलर ५० सेंटचा माल लुटला. जामीन किती मागितला? ५० हजार डॉलर! हे खाणे माझ्याच गाडीतले आहे, असे त्या सांगत होत्या. ऐकतो कोण? दोन आठवड्यांहून अधिक काळ त्या गजाआड राहिल्या. वृत्तसंस्थेने बातमी दिली तेव्हा कुठे सुटल्या.

ही गोष्ट २००५ सालची, कॅटरिना वादळानंतरची, न्यू ऑर्लिन्स शहराला लागून असलेल्या केनर गावची. त्याच दिवसांत शेजारच्या राज्यांपलीकडे, जॉर्जियातल्या अटलांटाच्या आसपास, काही पेट्रोल पंपांनी गॅलनचा भाव ६ डॉलरच्या जवळ नेऊन ठेवला. गॅलन म्हणजे पावणेचार लिटर. वादळ आले त्या दिवशी देशाची सरासरी २ डॉलर ६१ सेंट होती. तिथे बंदूक निघाली नाही. राज्यपालांचा एक आदेश निघाला. आजींच्या वाट्याला कोठडी आणि पंपवाल्याच्या वाट्याला परिपत्रक. आपत्तीच्या काळात राज्यसंस्था कोणाची असते, हे या दोन बाबी शेजारी ठेवल्या की कळते.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना किनाऱ्यावर आदळले. शहर बुडाले ते मात्र नुसत्या वादळाने नाही. सरकारी अभियंत्यांनी बांधलेले पूररोधक बंधारे सदोष होते; ते फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. मृतांचा आकडा बरीच वर्षे १,८०० च्या वर धरला जात होता. २०२३ मध्ये अमेरिकेच्या चक्रीवादळ केंद्राने तो सुधारून १,३९२ केला. शहरातले तीन माणसांपैकी दोन कृष्णवर्णीय. आदल्या दिवशी, २८ तारखेला, महापौरांनी हुकूम काढला होता, शहर सोडा. कशाने सोडायचे? सुमारे एक लाख लोकांकडे गाडीच नव्हती. ज्यांच्याकडे जुनीपुराणी होती त्यांना पेट्रोल भरायला पैसे हवेत. तारीख २८, महिनाअखेर! हातावर पोट असणाऱ्याच्या खिशात महिनाअखेरीला काय असते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पळून जायची वेळ आली की पेट्रोल ही चैन राहत नाही, जीव वाचवण्याचे साधन होते. म्हणूनच अशा वेळी पेट्रोलवर केलेली नफेखोरी ही साध्या नफेखोरीहून वाईट.

मागे राहिले ते गरीब, म्हातारे, आजारी, आणि बहुतेक काळे. छातीएवढ्या पाण्यातून ते अन्न शोधत फिरू लागले. ३० ऑगस्टची दोन छायाचित्रे तेव्हा जगभर गाजली. एकात एक काळा तरुण पाण्यातून सामान नेतो आहे. खाली लिहिले, किराणा दुकान ‘लुटून’. दुसऱ्यात दोन गोरी माणसे तशाच पाण्यातून पाव आणि शीतपेये नेत आहेत. खाली लिहिले, दुकानातून ‘मिळाल्यावर’. पाणी तेच, भूक तीच, दुकानाचा मालकही दोन्हीकडे गैरहजर. दोन छायाचित्रकार वेगळे, वृत्तसंस्था वेगळ्या, हे खरे. पण शब्द आपोआप कोणाला चिकटतो हे त्यातून दिसायचे ते दिसलेच.

‘लूट’ हा इंग्रजीतला शब्द आपल्याच देशातून गेला. कंपनी सरकारच्या गोऱ्यांनी इथे लूट केली आणि शब्दही उचलून नेला! त्याच गोऱ्यांनी १८७१ मध्ये कायदा करून इथल्या जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का कागदावरून पुसायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावे लागले. गावात चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर का पडते, हे ज्याने पाहिले आहे त्याला न्यू ऑर्लिन्स परके वाटणार नाही. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे नेते डु बॉइस यांना पत्र लिहिले आणि १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर उभी केली, ते उगाच नाही.

तर ३१ ऑगस्ट २००५ च्या संध्याकाळी महापौर रे नेगिन यांनी सुमारे दीड हजार पोलिसांना लोकांचा शोध आणि बचाव थांबवून लूट रोखायला रस्त्यावर पाठवले. छपरांवर माणसे हात हलवत उभी, आणि पोलीस दुकानांच्या रक्षणाला. नेगिन स्वतः कृष्णवर्णीय. खुर्चीवर आपल्या रंगाचा माणूस बसला म्हणून खुर्ची आपली होत नाही. राखीव मतदारसंघांतून निवडून जाऊन मालकाची भाषा बोलणारे आपणही पुष्कळ पाहिले आहेत. याच नेगिन यांना पुढे २०१४ मध्ये कंत्राटदारांकडून लाच घेतल्याबद्दल दहा वर्षांची शिक्षा झाली. लूट कोण करत होते पाहा!

दुसऱ्या दिवशी राज्याच्या राज्यपालांनी जाहीर केले, की इराकहून परतलेले सैनिक भरलेल्या बंदुका घेऊन शहरात आले आहेत आणि गरज पडली तर गोळी घालतील. त्याच सुमारास नदीवरच्या पुलावरून चालत बाहेर पडू पाहणाऱ्यांना पलीकडच्या ग्रेटना गावाच्या पोलिसांनी बंदुका दाखवून परत पाठवले. ४ सप्टेंबरला डँझिगर पुलावर पोलिसांनी निःशस्त्र कृष्णवर्णीयांवर गोळ्या झाडल्या; दोघे मेले, चौघे जखमी. मृतांपैकी एक सतरा वर्षांचा, दुसरा मतिमंद. मग पोलिसांनी खोटे पुरावे रचले. खटला, दोषसिद्धी, ती रद्द, पुन्हा खटला असे होत २०१६ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. अकरा वर्षांनी.

सगळे फक्त भाकरी उचलत होते, असे म्हणणे खोटे ठरेल. टीव्ही गेले, बंदुकांची दुकाने फुटली, काही पोलीसही सामान नेताना दिसले. पण स्टेडियममधल्या खून-बलात्कारांच्या ज्या कहाण्या जगभर पसरल्या, त्या तपासात टिकल्या नाहीत. तिथे सहा मृतदेह सापडले आणि त्यांत एकही खुनाचा नव्हता.

आपल्या वर्तमानपत्रांनी तेव्हा वेगळाच सूर लावला. महिन्याभरापूर्वी, २६ जुलैला, मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. मुंबईकरांनी एकमेकांना हात दिला, लूट झाली नाही, आणि ते अमेरिकन पाहा कसे वागले, अशी तुलना सुरू झाली. मुंबईकरांचे कौतुक रास्त. पण त्या कौतुकात काळ्यांविषयीची तुच्छता मिसळलेली होती. न्यू ऑर्लिन्समध्येही शेजाऱ्यांनीच होड्या काढून शेजारी वाचवले. आणि त्सुनामीला तेव्हा वर्षही झाले नव्हते. तमिळनाडूत निवाऱ्यातून, मदतीच्या रांगेतून दलितांना वेगळे काढले गेले. कुजलेली प्रेते उचलायला मात्र गावोगावच्या नगरपालिकांचे सफाई कामगार आणले गेले. ते कोणत्या जातीचे, हे विचारायची गरज आहे काय? कोणाच्या हक्काची मदत हिरावून घेणे याला लूट म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही.

आता पुन्हा पेट्रोलकडे. तुटवडा खरा होता, हे मान्य केले पाहिजे. मेक्सिकोच्या आखातातले तेलाचे उत्पादन थांबले, शुद्धीकरण कारखाने बंद पडले, वीज गेल्याने आग्नेय राज्यांकडे जाणाऱ्या मोठ्या वाहिन्याही बंद झाल्या. ५ सप्टेंबरला देशाची सरासरी ३ डॉलर ७ सेंटवर गेली. व्यापारी म्हणतो, पुढचा टँकर महाग येणार म्हणून आज भाव वाढवतो. पण आज जमिनीखालच्या टाकीत असलेले पेट्रोल त्याने जुन्या भावाने घेतलेले असते. उद्याच्या भीतीचे पैसे तो आजच्या अडलेल्या माणसाकडून वसूल करतो. आपल्याकडच्या सावकाराला ही विद्या शिकवावी लागत नाही.

पंपवाला तरी लहान मासा. एक्झॉनमोबिलचा त्या तिमाहीचा नफा ९९० कोटी डॉलर, वर्षाचा ३,६०० कोटींच्या वर. ९ नोव्हेंबरला पाच तेल कंपन्यांच्या प्रमुखांना सिनेटच्या समितीपुढे बोलावले. त्यांना शपथ द्यावी अशी काही सदस्यांची मागणी होती. अध्यक्षांनी ती फेटाळली. ६३ डॉलरच्या सॉसेजसाठी ५० हजारांचा जामीन, आणि अब्जावधींच्या नफ्यासाठी खरे बोलण्याची शपथसुद्धा नाही!

मे २००६ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनचा अहवाल आला. संसदेने दिलेल्या नफेखोरीच्या व्याख्येत बसणारी पंधरा उदाहरणे सापडली, पण जवळपास सगळ्यांचे स्पष्टीकरण बाजाराच्या परिस्थितीत आहे, असा निर्वाळा त्यात दिला होता. त्याच महिन्यात केनरमध्येच, किराणा दुकानातून बिअर आणि दारूच्या बाटल्या नेणाऱ्या तिघांना न्यायालयाने प्रत्येकी पंधरा वर्षांची शिक्षा सुनावली. त्यांच्यासाठी बाजाराची परिस्थिती कोणी पाहिली नाही.

पेट्रोलच्या नफेखोरीविरुद्ध देशव्यापी कायद्याचे विधेयक कनिष्ठ सभागृहाने २००६ मध्ये संमत केले. २०२२ मध्ये पुन्हा एक केले. दोन्ही वेळा कायदा झाला नाही.