न मोजलेला पगार

ऑटिझमची पहिली शंका बहुतेक घरांत आईला येते. दीड-दोन वर्षांचं मूल हाकेला वळून बघत नाही, हवी ती वस्तू बोट दाखवून मागत नाही, खेळण्यातल्या गाडीची चाकं तासन्‌तास फिरवत बसतं, आलेले दोन-चार शब्दही कधी कधी बंद होतात. आजी म्हणते, याचा बापही उशिराच बोलायला लागला. आत्या म्हणते, मोबाइल दाखवून दाखवून बिघडवलंय पोराला. कुणी दृष्ट काढतं, कुणी नवस सुचवतं. डॉक्टरही पुष्कळदा ‘मुलगे जरा उशिरा बोलतात, थांबू या’ असं म्हणतात. या थांबण्यात वर्ष-दीड वर्ष सहज जातं, आणि मेंदू सर्वांत झपाट्याने घडत असतानाचा काळ हातचा निघून जातो.

ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, ही मेंदूच्या जडणघडणीतली जन्मभराची अवस्था आहे. जागतिक आरोग्य संघटनेने वर्षानुवर्षं जगभरासाठी साधारण शंभर मुलांत एक असा अंदाज दिला. भारतात पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्या पाच ठिकाणांत शेजारचं उत्तर गोवाही होतं. या पाहणीतही आकडा शंभरात एकाच्या आसपासच निघाला. म्हणजे हजार मुलांच्या शाळेत दहा जण. प्रत्यक्षात त्या शाळेत दहा जण दिसत नसतील, तर ते कुठे आहेत हा प्रश्न विचारायला हवा.

मूल ऑटिस्टिक आहे म्हटलं की घरातलं पहिलं बोट आईकडे वळतं. हे फक्त आपल्याकडचं नाही. लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने १९४३ मध्ये या अवस्थेचं पहिलं तपशीलवार वर्णन केलं, आणि पुढे अमेरिकेतल्या तज्ज्ञांनीच आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं असा सिद्धान्त मांडला. ब्रुनो बेटेलहाइमच्या १९६७ सालच्या पुस्तकाने तो घराघरांत पोहोचवला. त्याआधी तीन वर्षं बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचा बाप होता, ही अवस्था जैविक असल्याचं पुस्तक लिहून मांडलं होतं. विज्ञानाने रिमलँडची बाजू केव्हाच मान्य केली. आपल्याकडे बेटेलहाइम फारसा कुणी वाचलेला नाही, तरी ‘तू नोकरीला जायचीस म्हणून झालं हे’ हे वाक्य आजही सासरी आणि माहेरी, दोन्हीकडे ऐकू येतं. आणि याच आईला मग नोकरी सोडावी लागते.

खर्चाचा हिशेब मांडून बघू. मुलाला स्पीच थेरपी लागते, ऑक्युपेशनल थेरपी लागते (पालकांच्या भाषेत ‘ओटी’), विशेष शिक्षक लागतो. एका सेशनचे आठशे रुपये धरले आणि आठवड्याला पाच सेशन धरली, तर महिन्याला सोळा हजार, वर्षाला जवळजवळ दोन लाख. मोठ्या शहरात दर याहून वर जातात. त्यात रिक्षाभाडं नाही, तपासण्या नाहीत, शाळेची फी नाही. शिवाय हा खर्च सहा महिन्यांच्या कोर्ससारखा संपत नाही, वर्षानुवर्षं चालतो.

हे आकडे निदान कुठेतरी लिहिले जातात. घराच्या वहीत न लिहिली जाणारी रक्कम आईच्या पगाराची. पाच सेशनना मुलाला नेणं, बाहेर बाकावर बसणं, घरी आल्यावर तेच सगळं पुन्हा करून घेणं, आणि शाळेतून फोन आला की धावणं, एवढं सगळं पूर्ण वेळाच्या नोकरीबरोबर जमत नाही. दोघांतला एक थांबतो आणि ती बहुतेक वेळा बाईच असते. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑटिस्टिक मुलांच्या आयांची कमाई, ज्यांच्या मुलांना आरोग्याची कुठलीच अडचण नाही अशा आयांपेक्षा ५६ टक्क्यांनी कमी आढळली. तिथे शाळांना कायद्याने बऱ्याच सेवा द्याव्या लागतात, तरीही ही स्थिती. आपल्याकडे बँकेतली, शाळेतली, आयटीतली चांगली नोकरी सोडलेल्या कितीतरी बायका थेरपी केंद्राच्या बाहेर बसलेल्या दिसतात. त्यांचा बुडालेला पगार, थांबलेला भविष्यनिर्वाह निधी आणि न मिळालेली बढती यांची बेरीज थेरपीच्या बिलांपेक्षा सहज मोठी भरेल. माझ्या मते या कुटुंबांच्या आर्थिक ओढगस्तीचं मूळ इथे आहे, आणि सरकारी योजना नेमक्या याच जागी फारसं काही बोलत नाहीत.

योजना नाहीत असं नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि ऑटिझम त्यांत नव्हता. १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यास कायदा आला, त्यात तो आला. पण दिव्यांगांच्या मुख्य कायद्यात शिरायला २०१६ साल उजाडावं लागलं. तोपर्यंत अनेक पालकांनी मुलासाठी ‘मतिमंद’ असं प्रमाणपत्र नाइलाजाने घेतलं, कारण दुसरा रकानाच नव्हता. आता निदानासाठी सिकंदराबादच्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली चाळीस मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी आहे. प्रत्येक मुद्द्याला एक ते पाच गुण, बेरीज सत्तर किंवा अधिक झाली की ऑटिझम धरतात. हे करायला प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ लागतो, आणि तो प्रत्येक तालुक्याला नाही.

राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही विमा योजना खरोखर उपयोगाची आहे. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण, हप्ता अगदी थोडा, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि त्यात थेरपीसुद्धा बसते. मात्र लाखातला थेरपीसाठीचा हिस्सा लहान आहे आणि पैसे आधी स्वतः भरून मग बिलं पाठवावी लागतात. तरीही ज्यांनी हे कार्ड काढलेलं नाही त्यांनी ते काढावंच. खासगी विमा कंपन्यांना नियामकाने २०२३ मध्ये दिव्यांगांसाठी पॉलिसी उपलब्ध करून द्यायला सांगितलं. पण साधारणपणे विमा रुग्णालयात भरती झाल्यावरच्या खर्चाचा असतो, आणि या मुलांचा खर्च भरती न होताच होतो. आयकरात अवलंबून असलेल्या दिव्यांगासाठी ७५ हजारांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असेल तर सव्वा लाखाची वजावट आहे, तीही फक्त जुनी करप्रणाली निवडली तर. वीस टक्के कर भरणाऱ्याचे ७५ हजारांवर साधारण पंधरा हजार वाचतात. वरच्या हिशेबातला जेमतेम एक महिना.

गावाकडच्या कुटुंबाला ही बेरीज-वजाबाकीसुद्धा लांबची वाटते. मुलांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून. अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या पथकाने ज्या गोष्टी तपासायच्या, त्यांत ऑटिझमही आहे. संशय आला तर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र निदान केंद्राकडे पाठवायचं. रचना उत्तम आहे. पण जिल्ह्याला एक केंद्र असलं तर दुर्गम तालुक्यातल्या आईने आठवड्यातून तीनदा तिथे कसं जायचं? रोजंदारी बुडते, एसटीत मूल ओरडतं, लोक वळून बघतात. दोन खेपांनंतर जाणं थांबतं. ज्यांना परवडतं ते पुण्यात किंवा मुंबईत खोली घेतात. आई आणि मूल शहरात, बाप गावी. एका घराची दोन घरं होतात आणि खर्चही दोन घरांचा.

अशा थकलेल्या आशेवर बाजार टपून बसलेला असतो. ‘ऑटिझम बरा करतो’ म्हणणाऱ्या जाहिरातींमागे कुणी पथ्यं विकतं, कुणी ऑक्सिजनचे कक्ष, कुणी स्टेम सेल. स्टेम सेलसाठी लाखो रुपये मोजलेले पालक आहेत; काहींनी त्यासाठी जमीन किंवा दागिने विकले. ऑटिझमवर उपचार म्हणून स्टेम सेलची शिफारस करता येत नाही, आणि तशी जाहिरात करणं हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. ‘बरा करतो’ या दोन लाखांच्या खात्रीपेक्षा चांगल्या स्पीच थेरपिस्टकडची दोन वर्षं मुलाच्या अधिक कामी येतात. हे ठामपणे सांगणारा माणूस निदानाच्या दिवशीच भेटला, तर कित्येक संसार कर्जात बुडायचे वाचतील.

आता माणसांबद्दल. ऑटिस्टिक मुलांपैकी अनेकांना आवाज सोसत नाही. मिक्सर, कुकरची शिट्टी, लग्नातला बँड. दिवाळीचे चार दिवस तर त्यांना आणि त्यांच्या घराला फार जड जातात. कान दाबून पलंगाखाली बसलेलं मूल आणि खाली अंगणात लागलेली फटाक्यांची माळ, हे दृश्य अनेक सोसायट्यांत आहे. मूल रात्री दोनला जागं होऊन उड्या मारतं, खालच्या मजल्यावरून तक्रार येते, भाडेकरू असतील तर घर बदलायला सांगतात. वाढदिवसाची आमंत्रणं हळूहळू बंद होतात. बारशाला, लग्नाला आई-बापांपैकी एकच जातो, मग तोही जात नाही. मोठ्या बहिणीचं स्थळ बघताना भावाबद्दल कधी सांगायचं यावर घरात रात्र-रात्र बोलणी होतात. हा एकटेपणा पैशातही मोजावा लागतो. मावशी, काकू, शेजारीण दोन तास मुलाजवळ बसायला तयार नसतील, तर तेवढ्या वेळासाठी पगारी माणूस ठेवावा लागतो, नाहीतर आईने घरी थांबायचं.

शाळा सरळ नकार देत नाही. २०१६ च्या कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तरी ‘तुमच्याच मुलाची आबाळ होईल’ असं गोड शब्दांत सांगितलं जातं, किंवा ‘शॅडो टीचर’ आणा म्हणतात. वर्गात मुलाशेजारी बसणाऱ्या त्या शिक्षिकेचा पगार पालकांनी द्यायचा. पैसे नसतील तर पुन्हा आईनेच वर्गाबाहेर बसायचं.

मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने सज्ञान होतं, आणि आई-बाप त्याचे आपोआप पालक राहत नाहीत. कित्येकांना हे बँकेच्या काउंटरवर कळतं. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. ते वेळीच करावं, मृत्युपत्रही तेव्हाच करावं आणि मुलासाठी खासगी न्यास करता येतो का, हे वकिलाला विचारावं. ‘आमच्या पश्चात काय?’ हा प्रश्न या घरांत रोजचा आहे. डोंबिवलीजवळ खोणी इथे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांनी एकत्र येऊन ‘घरकुल’ हे निवासी केंद्र उभं केलं. पालकांनी स्वतः पैसे आणि वर्षं घालून जे केलं, ते प्रत्येक जिल्ह्यात पालकांनीच करावं अशी अपेक्षा ठेवणं मात्र अन्यायाचं आहे.

महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला, आणि इथल्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवायचा आहे. तो निधी बऱ्याच ठिकाणी साहित्यवाटपात आणि एकरकमी मदतीत खर्च होतो. त्यातून प्रत्येक प्रभागात, प्रत्येक मोठ्या गावात एक दिवसभराचं केंद्र चालवता येईल. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, प्रशिक्षित माणसं, लहान मुलांना थेरपी आणि अठरा वर्षांवरच्यांना काम शिकायची जागा. त्यामुळे ऑटिस्टिक मुलाच्या आईला पुन्हा नोकरीवर जाता येईल, आणि त्यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही.