एसटी/१०: लाल डबा नव्हे, संगीत!

मॅथ्सच्या पेपरात पॉइसन डिस्ट्रिब्युशनवर एक प्रश्न हमखास येतो. पुस्तकाच्या पानावर सरासरी इतक्या छपाईच्या चुका, तर एकही चूक नसलेली पानं किती? आपण सगळ्यांनी ते गणित सोडवलंय, पाच मार्क घेतलेत आणि विसरून गेलोय. याच सूत्रावर एका इंजिनिअरने २१ वाद्यांसाठी सात मिनिटांची रचना केली असं सांगितलं तर तुम्ही म्हणाल, काहीतरीच! पण गोष्ट खरी आहे. त्या इंजिनिअरचं नाव यानिस झेनाकिस.

झेनाकिस ग्रीक, पण जन्मला रुमेनियात, साधारण १९२२ साली. लहानपणीच त्याला ग्रीसमधल्या स्पेत्सेस बेटावरच्या बोर्डिंग स्कूलमध्ये घातलं, म्हणजे तोही हॉस्टेलवालाच! १९४० मध्ये त्याने अथेन्सच्या पॉलिटेक्निकमध्ये सिव्हिलला प्रवेश घेतला आणि त्याच वर्षी ग्रीसवर युद्ध आलं. आधी इटालियन, मग जर्मन. झेनाकिस प्रतिकार चळवळीत उतरला. जर्मन गेल्यावर ब्रिटिशांशी रस्त्यावर लढाई जुंपली, त्यात रणगाड्याच्या गोळ्याने त्याचा चेहरा फाटला आणि डावा डोळा गेला. तरीही १९४७ मध्ये त्याने डिग्री पूर्ण केली. त्याच वर्षी तो पळून पॅरिसला पोचला. मायदेशी त्याच्या गैरहजेरीत त्याला फाशीची शिक्षा झाली. पुढे थेट १९७४ मध्येच त्याला ग्रीसमध्ये पाय ठेवता आला.

पॅरिसमध्ये पोटापाण्यासाठी त्याने ल कॉर्बुझिएच्या ऑफिसात इंजिनिअरची नोकरी धरली. हाच तो आपल्या चंदीगडचा आर्किटेक्ट. दिवसा काँक्रीटची गणितं आणि उरलेल्या वेळात संगीत! पण हार्मनीचं रीतसर शिक्षण नाही म्हणून शिक्षक दारात उभं करत नव्हते. अखेर मेसियां नावाच्या मोठ्या संगीतकाराने त्याला उलटाच सल्ला दिला. तू ग्रीक आहेस, आर्किटेक्टचं काम करतोस, तुला गणित येतं, तर त्याचाच संगीतात उपयोग कर, असा त्याचा मथितार्थ.

आता मुद्द्याची गोष्ट. गणिताचा उपयोग करायचा म्हणजे नेमकं काय?

माझं घर नौपाड्यात आहे. जूनमधला पहिला पाऊस गॅलरीच्या पत्र्यावर पडायला लागतो तेव्हा सुरुवातीचे थेंब मोजता येतात. टप... टप, टप. दोन मिनिटांनी मोजणं अशक्य, नुसता एक मोठा आवाज उरतो. त्यातला कुठलाही थेंब ताल धरून पडत नाही, पण सरीला आकार असतो. ती सुरू होते, दाटते, ओसरते. हा आकार कुठल्याही एका थेंबात नाही, तो सगळ्यांचा मिळून आहे. झेनाकिसनेही पावसाचं आणि झाडांवर किरकिरणाऱ्या किड्यांचं उदाहरण दिलंय. पण त्याचं तिसरं उदाहरण त्याने स्वतः अनुभवलेलं आहे. मोर्च्यात हजारो लोक एका ठेक्यात घोषणा देतायत. घोषणा पुढून मागे लाटेसारखी जाते. मग समोरून गोळीबार होतो, ठेका तुटतो, किंकाळ्या आणि गोळ्यांचा आवाज सगळीकडे विखुरतो आणि हळूहळू शांतता पसरते. ही शिस्तीकडून गोंधळाकडे जाणारी वाट संगीतात आणायची तर सा-रे-ग-म पुरत नाही, तिथे संभाव्यतेचं गणित लागतं. याला त्याने नाव दिलं, स्टोकॅस्टिक संगीत.

अशी त्याची १९५६-५७ मधली रचना म्हणजे 'अकोरिप्सिस'. त्याने एक तक्ता आखला. सात ओळी म्हणजे वाद्यांचे व वाजवण्याच्या पद्धतींचे सात गट आणि २८ रकाने म्हणजे पंधरा-पंधरा सेकंदांचे २८ तुकडे. एकूण १९६ घरं. प्रत्येक घरात सरासरी ०.६ 'घटना' घडायच्या. गोखले रोडवर रिक्षासाठी उभे राहिलात तर काय होतं ते आठवा. सरासरी काहीही असो, बराच वेळ एकही येत नाही आणि मग दोन-तीन एकदम येतात. तसंच इथे. कॅल्क्युलेटर घ्या आणि सूत्रात लॅम्डा ०.६ घाला. उत्तर असं येतं: १०७ घरं रिकामी, ६५ घरांत एक घटना, १९ मध्ये दोन, ४ मध्ये तीन आणि फक्त एका घरात चार. बेरीज करा, बरोबर १९६! म्हणजे निम्म्याहून जास्त तक्ता कोरा आहे. ऐकताना म्हणूनच कधी मोकळं वाटतं, कधी एकदम गर्दी होते.

पुढची पायरी कॉम्प्युटरची. १९६२ मध्ये पॅरिसला आयबीएमच्या ७०९० या खोलीभर पसरलेल्या मशीनवर त्याने फोरट्रानमध्ये प्रोग्रॅम चालवला. कुठला सूर कधी, कुठल्या वाद्यावर, किती वेळ, किती जोरात, हे मशीनने काढलं. कागदावर आले नुसते आकडे, त्यांचं नोटेशन हाताने करावं लागलं. रचनेचं नाव 'एसटी/१०-१,०८०२६२'. एसटी म्हणजे लाल डबा नव्हे, स्टोकॅस्टिक! १० म्हणजे दहा वादक, १ म्हणजे पहिली रचना आणि शेवटी तारीख, ८ फेब्रुवारी १९६२. त्याच सामग्रीतून चार तंतुवाद्यांसाठी 'एसटी/४' तयार झालं.

याला चेंबर म्युझिक म्हणतात. चेंबर म्हणजे खोली. आपल्या घरगुती बैठकीसारखंच, वादक मोजके आणि प्रत्येकाचं काम वेगळं. शंभर जणांच्या ऑर्केस्ट्रात एकाचा आवाज हरवतो, इथे प्रत्येक 'थेंब' ऐकू येतो. म्हणून झेनाकिस समजून घ्यायला हीच जागा बरी असं मला वाटतं.

आता तुम्ही विचाराल, सगळं सूत्रानेच केलं तर त्याने काय केलं? माझ्या मते खरी गोम इथेच आहे. ०.६ हा आकडा कुठल्या पुस्तकातून आला नाही, तो त्याने ठरवला. वाद्यं त्याने निवडली. मशीनने दिलेल्या आकड्यांतही त्याने गरजेप्रमाणे फेरफार केले. सूत्राने 'किती' ते सांगितलं, पण 'कशासाठी' ते अथेन्सच्या रस्त्यावरून आलं होतं.

आपल्याकडे दहावी आली की तबल्याचा क्लास बंद होतो आणि इंजिनिअरिंगला गेलं की तबला माळ्यावर जातो. या दोन गोष्टी एका आयुष्यात मावत नाहीत असं आपण गृहीतच धरतो. झेनाकिसने संगीतासाठी गणित सोडलं नाही आणि गणितासाठी संगीतही नाही. त्याचं संगीत सगळ्यांना आवडेल असं मी म्हणणार नाही. मलाही 'एसटी/१०' पहिल्यांदा ऐकताना भांडी पडल्यासारखी वाटली. पण पावसासारखं ऐकलं, म्हणजे थेंब न मोजता सर ऐकली, की त्यातली चढउतार जाणवते.

ज्यांना ऐकायचंय त्यांनी सुरुवात 'टेट्रास'पासून करावी. १९८३ मध्ये आर्दित्ती क्वार्टेटसाठी लिहिलेली ही रचना साधारण सोळा मिनिटांची आहे. चार वादक, आणि सूर सतत घसरतात, वळतात. मींड ऐकायची सवय असलेल्या आपल्या कानांना ते फारसं परकं वाटणार नाही. फक्त रात्री अकरानंतर स्पीकरवर लावू नका. रूममेटला पॉइसन समजावून सांगेपर्यंत रेक्टर दारात उभे असतील!