असईची लढाई जेवणाच्या टेबलावर: लाल कोट नेमका कुणाचा?

हा या आठवड्याच्या भागाचा लेखी अवतार. इयरफोन घरी विसरलेल्यांसाठी आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी. बोलताना मधे आलेले 'अं' आणि 'तर काय' काढून टाकलेत, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

गेल्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं: ते मिनिएचर वॉरगेमिंग म्हणजे नक्की काय, खेळणी की अभ्यास? थोडक्यात सांगायचं तर इतिहासातली एक लढाई निवडायची, तिच्यातली दोन्ही सैन्यं बोटाच्या पेराएवढ्या सैनिकांत जमवायची, एकेक रंगवायचा, टेबलावर नदी-टेकडी-गाव मांडायचं आणि पट्टी, फासे आणि एक रूलबुक घेऊन ती लढाई पुन्हा खेळायची. इंग्लंडमध्ये हा छंद चांगलाच जुना आहे. 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' लिहिणाऱ्या एच. जी. वेल्सने १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचं नियमांचं पुस्तक काढलं होतं. त्यात फासे नाहीत, स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने समोरचे शिसाचे सैनिक खरोखर पाडायचे! त्याच्याही आधी, १८२४ साली, राइसविट्झ नावाच्या प्रशियन अधिकाऱ्याने नकाशावर खेळायचा युद्धखेळ सैन्याच्या वरिष्ठांना दाखवला आणि तो तिथल्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात गेला.

आपल्याकडे हे अगदीच परकं आहे असं नाही. दिवाळीचा किल्ला केलेल्या प्रत्येकाने अर्धं काम केलेलंच आहे. फरक एवढाच की किल्ल्यावर महाराज बुरुजापेक्षा उंच असतात आणि मावळ्याशेजारी गवळण उभी असते, आणि त्याबद्दल कुणी भांडत नाही. वॉरगेमिंगवाले भांडतात.

मी सध्या रंगवतोय ती लढाई आपल्याच मातीतली: असई, जालना जिल्हा, २३ सप्टेंबर १८०३. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले, दुसऱ्या बाजूला कंपनी सरकारचा आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन.

आधी हिशेब. सगळे सैनिक टेबलावर मांडणं शक्य नाही, म्हणून प्रमाण ठरवावं लागतं. मी एक फिगर म्हणजे ५० माणसं असं धरलंय. वेलस्लीकडे प्रत्यक्ष लढाईत उतरलेले सुमारे ४,५०० लोक, म्हणजे ९० फिगर्स. शिंद्यांची कवायती पायदळं सुमारे १०,८००, म्हणजे २१६. इथपर्यंत ठीक. पण मराठ्यांचं घोडदळ ३०,००० च्या पुढे होतं. म्हणजे ६०० घोडे! एवढे घोडे रंगवत बसलो तर माझं लग्न व्हायचं नाही. म्हणून मी ६०वर थांबलोय. ते का चालतं, ते पुढे सांगतो.

फिगर्स १५ मिलिमीटरच्या. याहून मोठ्या २८ मिलिमीटरच्या मिळतात, दिसायला देखण्या, पण महाग आणि जागा खाणाऱ्या. ६ मिलिमीटरच्या घेतल्या तर अख्खं सैन्य बुटांच्या खोक्यात मावतं, मात्र चेहरे विसरायचे. रंगवायची पद्धत सोपी आहे. आधी फिगर साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवायची, मग प्रायमरचा पातळ फवारा. त्यावर ॲक्रिलिक रंग, आणि तो पाणी घालून पातळ केलेलाच! एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर कधीही चांगले, नाहीतर नाक-डोळे बुजतात. मग 'वॉश', म्हणजे गढूळ पाण्यासारखा पातळ गडद रंग, जो खाचांमध्ये जाऊन बसतो आणि सावल्या आपोआप तयार करतो. शेवटी जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवायचा. पावसाळ्यात स्प्रे प्रायमर मारू नका. दमट हवेत तो धरत नाही, खरखरीत होतो.

पण मंडळी, खरी गंमत रंग उघडल्यावर सुरू होते. कारण ब्रशला 'साधारण मराठा सैनिक' नावाचा रंग माहीत नसतो. कोट कुठला, पागोटं कुठलं, पाय उघडे की झाकलेले, प्रत्येक गोष्ट ठरवावीच लागते. पुस्तकात आपण 'मराठा फौज' असे दोन शब्द वाचून पुढे जातो आणि डोळ्यांसमोर ढाल-तलवारवाला मावळा येतो. असईला उभी असलेली शिंद्यांची मुख्य फौज तशी नव्हतीच. महादजी शिंद्यांनी १७८०च्या दशकात बेनुआ द बॉइन या सॅव्हॉयच्या माणसाकडून बंदूक-संगिनीच्या कवायती पलटणी उभ्या करून घेतल्या होत्या. त्यांना 'कंपू' म्हणायचे. असईला या कवायती पायदळाचा सेनापती होता पोलमन नावाचा हॅनोव्हरचा जर्मन, आणि सोबत बेगम समरूच्याही पलटणी होत्या. द बॉइनच्या पलटणींचा वेष लाल कोट आणि निळं पागोटं असा असल्याची वर्णनं आहेत.

आता समोर बघा. इंग्रजांच्या बाजूला गोऱ्यांच्या पायदळाच्या फक्त दोन पलटणी, ७४वी आणि ७८वी हायलँडर्स, आणि घोडदळात १९वी ड्रॅगून्स. बाकी बहुतेक मद्रासचे शिपाई, तेही लाल कोटात. म्हणजे माझ्या टेबलावर दोन्हीकडे लाल कोट, दोन्हीकडे बहुतांश हिंदी माणसं आणि दोन्हीकडे हुकूम देणारे युरोपियन. पहिल्यांदा पाहणारा मित्र हमखास विचारतो, "यात आपले कुठले?" हा प्रश्न शाळेतल्या धड्याने कधी पाडला नव्हता. बॉक्सवरचं चित्र बघून मावळे रंगवले असते तर टेबलावरही पडला नसता.

रंगानंतर येतात नियम, आणि माझ्या मते या छंदातली सगळ्यात गंभीर जागा हीच. लढाई कोण का हरलं याबद्दलचं मत नियमांमध्ये लपलेलं असतं. काही रूलबुकांत मराठ्यांच्या पायदळाला सरसकट कमी मनोबल दिलेलं असतं. का, तर ते हरले. पण असईला काय झालं ते बघा. केळणा नदी ओलांडायला उतार नाही असं वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं. त्याने पाहिलं, की पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत. म्हणजे लोक ये-जा करत असणार, उतार असणारच! तिथून तो मराठ्यांच्या बगलेवर आला. हिशेब असा, की एवढी मोठी फौज वेळेत तोंड फिरवू शकणार नाही. पोलमनने ती फिरवली. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधे नवी रांग उभी राहिली, डाव्या टोकाला असई गाव. बेशिस्त फौजेला हे जमत नाही. कमी मनोबलाचा नियम लावला तर ही चाल टेबलावर होतच नाही.

आणि तोफा! ७४वी पलटण वाट चुकून असई गावाच्या दिशेने सरकली आणि तिथल्या माऱ्यात तिची चाळण झाली. इंग्रज तोफांपर्यंत पोचले तेव्हाही गोलंदाज जागेवरून हलले नाहीत. काही मेल्याचं सोंग घेऊन पडले आणि शत्रूची रांग पुढे गेल्यावर उठून तोफा मागून तिच्यावर डागल्या. म्हणून माझ्या नियमांत तोफखाना ताब्यात घेतला तरी फासा टाकायचा. ५ किंवा ६ पडला की गोलंदाज उठले! इंग्रज खेळणाऱ्याचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असतो.

मग हरले का? माझं उत्तर मी हुकमाच्या नियमात घातलंय. युद्धाच्या तोंडावर इंग्रजांनी शिंद्यांच्या चाकरीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना नोकरी सोडण्याचं आवाहन केलं, आणि बरेच जण सोडून गेले. पलटणी शिकवलेल्या, पण त्यांना हुकूम देणारी मधली फळी फाटलेली. शिंदे आणि भोसले लवकरच मैदान सोडून गेले, आणि ते प्रचंड घोडदळ बहुतांशी बघतच राहिलं. म्हणून माझ्याकडे कंपूच्या पायदळाचं मनोबल मद्रासी शिपायांइतकंच आहे, मात्र पोलमनपासून दूर असलेल्या पलटणीला हलण्यासाठी फासा लागतो, आणि घोडदळ फक्त ६ पडला तरच हलतं. ६०० घोडे न रंगवण्याचं कारण कळलं ना?

अशा नियमांनी खेळलं की इंग्रज बऱ्याचदा जिंकतात, पण रक्तबंबाळ होऊन. प्रत्यक्षातही तसंच झालं: त्यांचे १,५८४ लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले, म्हणजे लढणाऱ्यांपैकी तिघांत एकाहून जास्त. मराठ्यांच्या ९८ तोफा हाती लागल्या. म्हातारपणी वेलिंग्टनला त्याची सर्वोत्तम लढाई विचारली तेव्हा त्याने वॉटर्लू नाही, असईचं नाव घेतलं, अशी आठवण नोंदलेली आहे.

छोट्या सैनिकांवरून मोठी माणसंही भांडली आहेत. विल्यम सायबोर्न या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३०मध्ये वॉटर्लूच्या मैदानावर आठ महिने राहून मोजमाप घेतलं आणि दहा हजारांच्या पटीत फिगर्स असलेलं प्रचंड मॉडेल केलं. सरकारने मधेच पैसे थांबवले, तो कर्जात बुडाला. १८३८ला लंडनमध्ये ते लोकांना दाखवलं तेव्हा वाद पेटला तो प्रशियन सैनिकांवरून. ते इतके दिसतात, म्हणजे विजय एकट्या वेलिंग्टनचा नाही की काय? पुढे सायबोर्नने त्यातले बरेच प्रशियन काढून टाकले. मॉडेल आजही लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

सुरुवात करायची असेल तर एकदम अख्खी फौज मागवू नका, आयात खर्चाने कंबर मोडेल. एकच पलटण घ्या, दहा-बारा फिगर्स. किंवा यंदाच्या किल्ल्यावरचे मावळे घ्या, त्यांचा भडक रंग प्रायमरखाली झाका आणि नव्याने रंगवा. मातीची फिगर पाण्याने मात्र धुऊ नका!

पुढच्या भागात अडगाव आणि गाविलगड. प्रश्न असतील तर पाठवा, रंगवलेल्या फौजांचे फोटो तर नक्कीच.