कचेरीतला कुत्रा

मुंबईच्या फोर्ट भागात जून १८३२ मध्ये दंगल उसळली, ती कुत्र्यांवरून. भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमाविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला होता. त्यांच्या धर्मात कुत्र्याला मानाचे स्थान आहे. त्याच फोर्टमध्ये टाटा समूहाचे मुख्यालय ‘बॉम्बे हाऊस’ आहे. २०१८ मध्ये या इमारतीचे नूतनीकरण झाले, तेव्हा तळमजल्यावर भटक्या कुत्र्यांसाठी खास खोली ठेवण्यात आली.

हा दाखला देऊन ‘मग आमच्या कचेरीत कुत्रा का नको?’ असे विचारले जाते. पण तिथे कुत्र्यांना स्वतंत्र जागा आहे, हे विसरता कामा नये. कुत्र्याच्या अ‍ॅलर्जीचे मूळ त्याच्या लाळेतील आणि त्वचेच्या कोंड्यातील प्रथिनांत असते. हा कोंडा हवेत तरंगतो, खुर्च्या-गालिच्यांत बसतो आणि कुत्रा गेल्यावरही मागे राहतो. म्हणून केस न गळणारी जात आणली, तरी प्रश्न सुटत नाही. रेबीजची लस कुत्र्याला टोचता येते. पण लहानपणी चावा बसलेल्या माणसाची भीती त्या लसीने जात नाही.

दुसऱ्याच्या घरी कुत्रा नकोसा झाला, तर पाहुणा उठून जातो. नोकरदाराला ती मोकळीक नसते. त्यामुळे हा निर्णय नुसत्या बहुमतावर सोडू नये. कुत्र्याला जागा जरूर द्यावी, पण आखून द्यावी. आणि जो नको म्हणेल, त्याला कारण विचारू नये.