कपड्यांना चिकटणारं कुसळ येतं कुठून?

पावसाळा संपताना माळावर फिरून आलात की पँटला कुसळं चिकटतात. ती कुसळी गवताची. हे आपल्याकडचं मूळचं, ठोंबांनी वाढणारं बहुवर्षायू गवत. पुणे, सोलापूरच्या मुरमाड माळरानांवर ते सहज दिसतं.

कुसळ म्हणजे बियाची लांब शेपटी. ओल लागली की तिचा पीळ सुटतो, सुकली की पुन्हा बसतो. असं फिरत फिरत टोकदार बी मातीत शिरतं. उन्हाळ्यात पाती वाळतात, पण ठोंब जिवंत असतो.

म्हणून पिवळं पडलेलं माळरान 'पडीक' नसतं. तिथे लांडगे, चिंकारा राहतात, मेंढरं चरतात. झाडांसाठी सरसकट खड्डे खणले, तर हे ठोंबच उखडतात. वृक्षारोपणाला निघण्याआधी एवढंच विचारा: जागा माळरानाची तर नाही ना?