मजुरी एकीने मिळाली, सोने बेकीने गेले

राबवून घ्यायचे आणि पैसे द्यायची वेळ आली की ठेकेदाराने तोंड चुकवायचे, हा अनुभव तुर्भे-कोपरखैरण्याच्या नाक्यांवर उभ्या राहणाऱ्या कष्टकऱ्यांना नवा नाही. हीच गोष्ट १९४८ साली पडद्यावर आलेल्या एका अमेरिकन चित्रपटात आहे. म्हणून त्याची ओळख आपल्या कुटुंबांना करून द्यावीशी वाटते.

चित्रपटाचे नाव ‘द ट्रेझर ऑफ द सिएरा माद्रे’. बी. ट्रॅव्हन यांच्या १९२७ च्या कादंबरीवरून जॉन ह्यूस्टन यांनी तो काढला. माणसाच्या मनातला काळोख दाखवणाऱ्या त्या काळच्या कृष्णधवल गुन्हेपटांना ‘फिल्म न्वार’ म्हणतात. ते बहुधा शहरातल्या रात्री घडतात. इथे मात्र मेक्सिकोचे ओसाड डोंगर आणि रखरखीत माळ आहेत.

डॉब्स (हम्फ्री बोगार्ट) आणि कर्टिन (टिम हॉल्ट) हे दोन बेकार मजूर. तेलविहिरीच्या कामावर नेणारा ठेकेदार त्यांची मजुरी बुडवतो. दोघे मिळून त्याला गाठतात, हाणामारी होते. शेवटी डॉब्स त्याच्या पाकिटातून आपल्या घामाचे तेवढेच पैसे मोजून घेतो.

पुढे हॉवर्ड नावाच्या म्हाताऱ्याबरोबर ते सोने शोधायला निघतात. हॉवर्ड सांगतो, हजार माणसे शोधत फिरतात तेव्हा एकाला सोने सापडते. म्हणून त्या सोन्यात बाकीच्यांचेही कष्ट असतात. काम संपल्यावर डोंगराला केलेली जखम तो सोबत्यांकडून बुजवून घेतो. पारसिकच्या डोंगरावरच्या दगडखाणी पाहिलेल्यांना हे मनाला लागेल.

सोने मिळू लागते तसे रोज रात्री तीन वाटे होतात आणि जो तो आपला वाटा लपवून ठेवतो. हिशेब चोख, पण विश्वास संपलेला! खाण कोसळली तेव्हा ज्या कर्टिनने डॉब्सला ओढून बाहेर काढले, त्याच्यावरच डॉब्स गोळी झाडतो. कर्टिन वाचतो. सगळे सोने घेऊन एकटा निघालेला डॉब्स तहानेने व्याकूळ होऊन पाणवठ्यावर पोहोचतो आणि तिथे दरोडेखोर त्याला ठार मारतात. सोन्याची भुकटी त्यांना वाळू वाटते. ती ते ओतून टाकतात आणि वारा ती उडवून नेतो.

हॉवर्डची भूमिका दिग्दर्शकाचे वडील वॉल्टर ह्यूस्टन यांनी केली. दिग्दर्शन व पटकथेचे ऑस्कर मुलाला आणि साहाय्यक अभिनेत्याचे वडिलांना मिळाले.

डॉब्स जन्माचा चोर नव्हता. हक्काचे तेवढेच घेणारा तो मजूर होता. उपासमारीत त्याला सोबत्याचा आधार वाटला, चार पैसे दिसताच तोच सोबती वैरी वाटू लागला. आपल्याकडची भिशी, भागीदारीतला टेम्पो, भावाभावांतली खोली याच वळणावर मोडते. तेव्हा पैसा हाती येण्याआधीच एकत्र बसावे, हिशेब सर्वांसमोर मांडावा आणि मनातला संशय तोंडावर बोलून टाकावा. ठेकेदाराशी लढताना लागते ती एकी घरात पैसा आल्यावरही लागते.